वंगण उतरवताना

नवी दिल्लीत मंडी हाउसच्या चौकातून इंडिया गेटच्या दिशेने जाणाऱ्या रस्त्याचे नाव कोपर्निकस मार्ग असे आहे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, असे मांडणाऱ्या पोलिश खगोलशास्त्रज्ञाचे (1473–1543) हे नाव. महाराष्ट्रातून कामानिमित्त दिल्लीला जाणाऱ्यांना हा रस्ता परका नाही. जुने महाराष्ट्र सदन याच रस्त्यावर आहे. याच परिसरात एकमेकींच्या शेजारी अशा दोन जुन्या वास्तू उभ्या आहेत. एक बडोदा हाउस. गायकवाड महाराजांसाठी वास्तुविशारद लचन्स यांनी आराखडा केलेल्या या वाड्यात आज उत्तर रेल्वेचे मुख्यालय आहे. दुसरी फरीदकोट हाउस. तेथे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे मुख्य पीठ बसते.

या दोन वास्तूंची आठवण या पाठाच्या आरंभी करण्याचे कारण आहे. रेल्वे म्हटली की चाके, आस, बेअरिंगे, झडपा आणि त्या सर्वांना लागणारे वंगण आले. वंगण आले की त्यावर धूळ बसून होणारा काळा, चिकट थर आला, आणि तो उतरवण्याचे कामही आले. हा थर उतरवल्यावर जे काळे पाणी किंवा तेल उरते, ते कोठे गेले, या प्रश्नाचा निवाडा शेजारच्या वास्तूत होऊ शकतो. यंत्राचा एखादा भाग धुणे ही वरवर पाहता क्षुल्लक गोष्ट वाटते. पण ती कशाने धुवावी हे ठरवताना यंत्र, कारागिराचे शरीर आणि गावाचे पाणी या तिन्हींचा विचार करावा लागतो.

तुमच्यापैकी काहीजण गॅरेजात, लेथवर, पिठाच्या गिरणीत किंवा यंत्रमागावर काम करत असतील. काहींच्या घरी शिलाई मशीन, सायकल किंवा शेतावरचे इंजिन असेल. असा भाग तुम्ही कशाने धुता, हे हा पाठ वाचण्यापूर्वी मनाशी आठवून ठेवा.

मळ कोणता आहे?

समजा, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील एका दुरुस्तीच्या दुकानात नवा मुलगा कामाला लागला आहे. त्याच्यासमोर गिअरचा डबा उघडून ठेवला आहे. तो म्हणतो, "मिस्त्री, पेट्रोलनं धुतो. झटक्यात निघतंय."

मिस्त्री मान वर न करता विचारतात, "आधी सांग, त्याला लागलंय काय?"

हा प्रश्न नेमका आहे. स्वयंपाकघरातील उदाहरण घेऊ. काळवंडलेले तांब्याचे भांडे चिंचेने घासले की लखलखते, कारण चिंचेतील आम्ल धातूवरील काळा थर विरघळवते. पण तुपाने माखलेल्या भांड्याला चिंच लावून काहीच उपयोग होत नाही. तेथे जुन्या घरांत राख वापरत. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट हा अल्कधर्मी क्षार असतो. त्याचा तुपा-तेलाशी संयोग होऊन थोडासा साबण तयार होतो आणि तो पाण्याबरोबर निघून जातो. गंज, काळा थर आणि तेलकटपणा या वेगवेगळ्या गोष्टी आहेत; त्यांचे उपायही वेगळे आहेत. गंजलेला बोल्ट डिग्रीझरमध्ये रात्रभर बुडवून ठेवणारा माणूस सकाळी स्वच्छ धुतलेला गंजका बोल्ट बाहेर काढतो.

आता तेलकटपणातही दोन जाती आहेत. बैलगाडीच्या आसाला पूर्वी एरंडेलासारखे तेल वंगण म्हणून घालत. ते वनस्पतीचे तेल. खोबरेल, करडई, तूप, चरबी ही सर्व त्याच कुळातील. सोड्यासारख्या अल्कधर्मी पदार्थाने यांचा साबण होतो. मोटारीच्या इंजिनातील तेल आणि बहुतेक ग्रीसमधील तेल मात्र खनिज असते. जमिनीतून काढलेल्या कच्च्या तेलापासून ते बनते. त्याचा साबण होत नाही. कितीही तीव्र सोडा घातला तरी होत नाही. म्हणून तेलाच्या घाण्याचा भाग गरम सोड्याच्या पाण्याने जितका सहज स्वच्छ होतो, तितका मोटारीच्या गिअरचा होत नाही. दोन कामे सारखी दिसतात, पण रसायनशास्त्राच्या दृष्टीने ती निराळी असतात.

खनिज तेल काढण्याचे मार्ग दोन. पहिला, त्याला त्याच्याच जातीच्या पातळ तेलात विरघळवणे. रॉकेल, डिझेल, पेट्रोल, थिनर हे काम करतात. दुसरा, त्याचे बारीक थेंब करून प्रत्येक थेंबाभोवती साबणासारख्या पदार्थाचे वेष्टन घालणे, म्हणजे ते पाण्यात तरंगत निघून जाते. रिठ्याचा फेस हेच करतो आणि बाटलीतून मिळणारे पाण्यात मिसळणारे डिग्रीझरही हेच करते. बाजारात कोणत्याही नावाने आणि कोणत्याही रंगात मिळणारे डिग्रीझर घ्या. ते विरघळवते, साबण करते किंवा थेंब करून वाहून नेते. बहुधा यांपैकी दोन कामे ते एकदम करते.

चौथा मार्ग रसायनाचा नाही, म्हणून तो दुकानात कोणी विकत नाही. तो म्हणजे खरवडणे. जाड ग्रीसचा थर लाकडी पट्टीने किंवा प्लॅस्टिकच्या तुकड्याने आधी काढून टाकला, जुन्या फडक्याने पुसला, तर धुण्यास लागणारे द्रव्य पुष्कळच कमी होते. लोखंडी पाते मात्र वापरू नये. घासून गुळगुळीत केलेल्या पृष्ठभागावर त्याने ओरखडे पडतात, आणि तेथूनच पुढे तेल गळू लागते. घाई असलेला कारागीर ही पायरी गाळतो आणि तिची किंमत रॉकेलच्या डब्यात भरतो.

पाठगत प्रश्न 1

तुमच्या घरातील किंवा कामाच्या जागेतील तेलकट अशी एक वस्तू निवडा. तिला लागलेले तेल वनस्पतीचे आहे की खनिज, हे कारणासह दोन वाक्यांत लिहा.

रॉकेल, घासलेट आणि पेट्रोल

मराठीत केरोसीनला दोन घरगुती नावे आहेत. 'रॉकेल' हा शब्द खडकातील तेल या अर्थाच्या इंग्रजी शब्दापासून आला, आणि 'घासलेट' हा गॅसच्या दिव्याच्या इंग्रजी नावावरून आला असे मानले जाते. दिवा आणि स्टोव्ह यांच्या निमित्ताने घरात आलेले हे तेल हळूहळू कारखान्यात शिरले. सायकलची साखळी, शिलाई मशीन, बेअरिंग, काहीही असो, एका पत्र्याच्या ट्रेमध्ये रॉकेल आणि हातात जुना ब्रश, ही आपल्याकडील पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत.

ही पद्धत वाईट नाही. रॉकेल खनिज तेल चांगले विरघळवते, धातूला खात नाही आणि सावकाश उडते. त्याचा एक पातळ थर भागावर राहतो. त्यामुळे लोखंड लगेच गंजत नाही. ज्या भागाला पुन्हा तेलच लावायचे आहे, त्याला हा थर बाधत नाही. परंतु तोच भाग रंगवायचा, चिकटवायचा किंवा त्यावर मुलामा चढवायचा असेल, तर हाच थर शत्रू ठरतो. रंग काही महिन्यांत पापुद्र्यासारखा सुटतो आणि दोष रंगाला दिला जातो.

रॉकेलविषयी दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवाव्या लागतात. शिधावाटप दुकानातील निळे रॉकेल स्वयंपाक आणि दिवाबत्ती यांसाठी आहे. इतर कामांसाठी ते वापरण्यास 1993 च्या आदेशाने मनाई केली. दिल्ली शहर तर 2014 साली केरोसीनमुक्त म्हणून जाहीर झाले. धुण्यासाठी घ्यायचेच तर खुल्या बाजारातील बिनरंगी रॉकेल घ्यावे लागते, आणि ते स्वस्त नाही.

दुसरी गोष्ट आगीची. प्रत्येक ज्वलनशील द्रवाला एक तापमान असते. त्या तापमानाला त्यातून इतकी वाफ निघते की ठिणगी पडताच ती पेट घेते. त्याला ज्वालाबिंदू म्हणतात. भारतीय मानकानुसार रॉकेलचा ज्वालाबिंदू किमान 35 अंश सेल्सिअस असावा लागतो. डिझेललाही हीच किमान मर्यादा आहे. जानेवारीतील दिल्लीत ही मर्यादा पुरेशी वाटते. पण मे महिन्यात दिल्लीचा किंवा चंद्रपूरचा पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा उन्हात ठेवलेल्या ट्रेमधील रॉकेल पेट घेण्याच्या अवस्थेला पोचलेले असू शकते. हिवाळ्यात निर्धोक असलेली सवय उन्हाळ्यात निर्धोक राहत नाही.

पेट्रोलची गोष्ट तर निराळीच. त्याचा ज्वालाबिंदू शून्याच्या खाली, सुमारे उणे 40 अंशांच्या आसपास असतो. म्हणजे कडाक्याच्या थंडीतही ते पेटायला तयार असते. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने वर जाऊन विरत नाही. जमिनीवरून सरपटत दूरच्या शेगडीपर्यंत किंवा वेल्डिंगच्या ठिणगीपर्यंत जाते आणि ज्वाला त्याच वाटेने परत येते. शिवाय पेट्रोलमध्ये बेंझीन असते. भारत स्टेज 6 च्या मानकानुसार त्याचे प्रमाण जास्तीत जास्त 1 टक्का असू शकते. इंजिनात जळण्यासाठी हे प्रमाण ठरवलेले आहे, हाताने चोळण्यासाठी नाही. बेंझीनमुळे रक्ताचा कर्करोग होतो, हे सिद्ध झालेले आहे. दिवसभर काम करून संध्याकाळी पेट्रोलने हात धुणारे कारागीर प्रत्येक शहरात दिसतात. त्वचेतील नैसर्गिक स्निग्धता त्याने निघून जाते, हात फुटतात आणि फुटलेल्या हातांतून पुढचे सर्व काही आत शिरते. थोडे गोडे तेल हातांना चोळून, फडक्याने पुसून, मग साबण लावला तर तेच काम होते. तेलाने तेल निघते, हे ऐकायला विचित्र वाटले तरी विरघळण्याच्या नियमाला धरून आहे.

उद्यमनगरातील त्या मुलाला मिस्त्री पुढे एवढेच म्हणाले असते, "पेट्रोल गाडीत घालायचं असतंय, लेका. गाडीवर नाही." आणि पाण्याच्या बाटलीत रॉकेल किंवा पेट्रोल भरून ठेवू नकोस, हेही सांगितले असते. पाणी समजून रॉकेल पिणारी लहान मुले आपल्या रुग्णालयांत नेहमी येतात. अशा मुलाला उलटी करवणे घातक असते, कारण उलटीच्या वेळी रॉकेल फुप्फुसात जाते. त्याला तसेच दवाखान्यात न्यावे.

सोड्याचे गरम पाणी

आता बडोदा हाउसच्या कारभाराकडे, म्हणजे रेल्वेकडे वळू. मुंबईतील माटुंग्यासारख्या रेल्वेच्या कारखान्यांत डब्यांखालची अवजड चौकट, जिला बोगी म्हणतात, सोडवून स्वच्छ केली जाते. अशी चौकट ब्रशने आणि रॉकेलने धुणे शक्य नसते. ती क्रेनने उचलून कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणाच्या टाकीत बुडवण्याची पद्धत भारतीय रेल्वेत रूढ आहे. या टाकीला कामगार 'बॉश टँक' म्हणतात. खनिज तेलाचा साबण होत नाही हे खरे. पण उष्णतेने ग्रीस पातळ होते, सोड्याने त्यातील साबणाचा भाग आणि जुना रंग सुटतो, आणि सर्व मळ खाली उतरतो. पोलादासाठी हा उपाय भक्कम आणि आगीच्या भयापासून मुक्त आहे.

परंतु तोच उपाय ॲल्युमिनियमला लावला तर सर्वनाश होतो. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो आणि त्यातून हायड्रोजन हा ज्वलनशील वायू निघतो. मोटरसायकलच्या इंजिनाचा बराचसा बाह्य भाग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. कार्बोरेटर जस्ताच्या किंवा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो, आणि जस्तालाही सोडा खातो. पृष्ठभाग काळा पडून खडबडीत झाला की तो पुन्हा पूर्ववत होत नाही. भाग कोणत्या धातूचा आहे हे कळत नसेल, तर लोहचुंबक लावून पाहावे. चुंबक चिकटले नाही तर कॉस्टिकचा डबा बाजूला ठेवावा. अशा भागांसाठी धातूला सांभाळणारी, सौम्य अल्कधर्मी द्रव्ये मिळतात. त्यांच्या डब्यावर ती ॲल्युमिनियमला चालतात असे स्पष्ट लिहिलेले असते. पितळेच्या भागांना अमोनिया असलेले द्रव्य लावू नये. ताणाखालील पितळेला अमोनियामुळे तडे जातात.

कॉस्टिक सोडा नेहमी पाण्यात थोडा थोडा घालावा. सोड्यावर पाणी ओतू नये. मिश्रण एकदम तापते आणि उसळून डोळ्यांत जाते. डोळ्याला आम्लापेक्षाही अल्क अधिक घातक असते, कारण ते आत आत मुरत जाते. चष्मा आणि रबरी हातमोजे यांशिवाय या टाकीजवळ जाणे हे धाडस नव्हे.

घरगुती कामासाठी इतक्या तीव्र द्रव्याची गरज नसते. लोखंडी नट-बोल्ट, साखळी, पाने यांसाठी एक लिटर गरम पाण्यात सुमारे 50 ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडी कपड्यांची पावडर पुरते. धुतल्यावर भाग गरम पाण्याने खळबळून, लगेच पुसून, उन्हात किंवा हवा मारून वाळवावा आणि त्यावर पातळ तेलाचा हात फिरवावा. या शेवटच्या पायरीला उशीर झाला तर पोलादावर तासाभरात तांबूस गंज चढतो. पाण्याच्या पद्धतीचा हाच खरा तोटा. बेअरिंग वाळवताना मात्र हवेच्या झोताने ते गरगर फिरवू नये. वंगणाशिवाय अतिवेगाने फिरणारे बेअरिंग बिघडते, प्रसंगी फुटून त्याचे तुकडे उडतात. आणि दोन्ही बाजूंनी झाकलेले बेअरिंग तर धुऊच नये. त्याचे ग्रीस कारखान्यातच आयुष्यभरासाठी भरलेले असते.

जे वास घेऊन लवकर उडते

स्प्रेच्या डब्यातून फवारा मारायचा, मळ ओघळतो, द्रव्य क्षणात उडते, भाग कोरडा. यासारखी सोय दुसरी नाही. परंतु उडालेले द्रव्य नाहीसे होत नाही. ते हवेत जाते, आणि ती हवा कारागीर घेतो.

या सोयीचा इतिहास थोडक्यात पाहण्यासारखा आहे. कार्बन टेट्राक्लोराइड हे द्रव्य एकेकाळी आदर्श वाटले, कारण ते ग्रीस विरघळवते आणि पेटत नाही. भारतातही धातूचे भाग धुण्यासाठी त्याचा मोठा वापर होता. ते यकृताला घातक असल्याचे पुढे दिसले, आणि त्याहून पुढे असे कळले की ते वातावरणातील ओझोनच्या थराचाही नाश करते. 1987 च्या मॉन्ट्रियल करारानुसार भारताने 1 जानेवारी 2010 पासून त्याचा असा वापर बंद केला. त्याच्या जागी अनेक कारखान्यांनी ट्रायक्लोरोएथिलीन घेतले. हे द्रव्य 87 अंशांना उकळते. टाकीत ते उकळवून त्याच्या वाफेत थंड भाग लोंबकळवला, की वाफ भागावर द्रवरूप होते आणि मळ घेऊन खाली ठिबकते. प्रत्येक थेंब ताजा, शुद्ध. पद्धत म्हणून ती सुंदरच होती. पण 2012 साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने हे द्रव्य माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. युरोपीय संघात एप्रिल 2016 नंतर खास परवानगीशिवाय ते वापरता येत नाही, आणि अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने डिसेंबर 2024 मध्ये त्यावर बंदी घालणारा नियम जाहीर केला.

दर वेळी एका दोषाला पर्याय म्हणून दुसरे द्रव्य आले, आणि दर वेळी दुसऱ्याचा दोष उशिरा कळला. क्लोरीनयुक्त द्रव्यांच्या कर्करोगाच्या भीतीने ब्रेक साफ करण्याच्या फवाऱ्यांत हेक्झेन आले. 1999–2000 च्या सुमारास अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात वाहनदुरुस्ती करणाऱ्या काही कारागिरांच्या हातापायांना मुंग्या येऊ लागल्या, मग बधिरता, मग अशक्तपणा. शोध घेतला तेव्हा कारण हेक्झेनचा फवारा निघाले. शरीरात हेक्झेनचे रूपांतर होते आणि बनलेला पदार्थ मज्जातंतूंना इजा करतो. ज्या बोटांवर पोट अवलंबून आहे, तीच बोटे आधी जातात.

तेव्हा डब्यावरची बारीक अक्षरे वाचण्याची सवय ठेवावी. नावात 'क्लोरो' असलेल्या द्रव्याच्या शेजारी वेल्डिंग कधीही करू नये; ठिणगीच्या उष्णतेत त्याच्या वाफेपासून फॉस्जीन हा अत्यंत विषारी वायू तयार होतो. भाग धुतल्यावर लगेच वेल्डिंग करायचे असेल, तर अशा द्रव्याने तो धुऊच नये. हवा खेळती हवी. गाडीखालच्या खड्ड्यात हे फवारे वापरू नयेत. जड वाफ तेथेच साचते. "नाकाला फडके बांधले आहे" हे समाधान खोटे आहे, कारण फडके धूळ अडवते, वाफ नाही.

ब्रेकविषयी आणखी एक इशारा. हायड्रॉलिक ब्रेकच्या सिलिंडरमधील रबरी वायसर ब्रेक ऑइलसाठीच बनवलेले असते. नाव 'ऑइल' असले तरी ते खनिज तेल नव्हे. त्या रबराला रॉकेल, डिझेल किंवा पेट्रोल लागले तर ते फुगते, आणि ब्रेक अडकतो किंवा ऐनवेळी लागत नाही. हे भाग ताज्या ब्रेक ऑइलने किंवा त्यासाठी सांगितलेल्या स्पिरिटनेच धुवावेत. येथे चुकीची निवड केल्याचे कारागिराला दुकानात कळत नाही. ते गाडीच्या मालकाला घाटात कळते.

पाठगत प्रश्न 2

पुढील भाग कशाने धुवाल आणि कशाने धुणार नाही, ते सकारण सांगा : (अ) रंगवायची लोखंडी जाळी, (आ) मोटरसायकलचा कार्बोरेटर, (इ) ब्रेकचा सिलिंडर.

स्वच्छ झाले कसे ओळखावे?

डोळ्यांनी आणि बोटांनी पाहून नेहमी कळत नाही. त्यासाठी एक साधी परीक्षा आहे. धुतलेल्या भागावर स्वच्छ पाणी ओतावे आणि तो तिरपा धरावा. पाण्याचा पातळ पडदा सलग राहिला तर धातू स्वच्छ आहे. पडदा फाटून थेंब थेंब झाला तर तेल अजून शिल्लक आहे. अळूच्या पानावर पाणी जसे ठरत नाही, तसे ते तेलकट धातूवर ठरत नाही. रंगकाम किंवा मुलामा यांपूर्वी ही परीक्षा अवश्य घ्यावी. पुन्हा तेलातच बसणाऱ्या गिअरसाठी तिची गरज नाही; तेथे इतकी स्वच्छता म्हणजे वाया गेलेले श्रम.

उरलेले काळे पाणी

भाग स्वच्छ झाला, म्हणजे मळ दुसरीकडे गेला. कोठे? पुष्कळदा गटारात. दिल्लीत नजफगड नाला यमुनेला मिळतो, कोल्हापुरात जयंती नाला पंचगंगेला. गटारात ओतलेले काहीही शेवटी नदीत पोचते.

या बाबतीत पाण्यात मिसळणारे डिग्रीझर अनेकांची फसगत करते. डब्यावर 'जैवविघटनशील' असे लिहिलेले असते आणि ते खोटे नसते. त्यातील साबण कुजून नष्ट होतो. पण त्याने भागावरून सोडवलेले इंजिन ऑइल तसे सहज कुजत नाही, आणि झिजलेल्या धातूंचे कण तर कधीच कुजत नाहीत. उलट तेलाचे इतके बारीक थेंब झालेले असतात की तेल वर तरंगवून वेगळे काढणारी टाकीही त्यांना पकडू शकत नाही. रॉकेलचा काळा तवंग निदान डोळ्यांना दिसतो. दुधाळ झालेले हे पाणी निरुपद्रवी वाटते. म्हणून असे डिग्रीझर वापरणाऱ्याने जाड थर आधी खरवडून काढण्याला दुप्पट महत्त्व आहे. धुवायलाच कमी उरले, तर वाहून जायलाही कमीच उरते.

वापरलेले तेल आणि तेलयुक्त कचरा यांना 2016 च्या घातक कचरा नियमांनी घातक कचऱ्यात धरले आहे. वापरलेले तेल नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच द्यावे लागते. सप्टेंबर 2023 मध्ये या नियमांत दुरुस्ती झाली आणि 1 एप्रिल 2024 पासून तेलाच्या उत्पादकांवरही वापरलेले तेल परत गोळा होण्याची जबाबदारी आली. छोट्या गॅरेजापर्यंत ही साखळी पोचणे हेच कठीण काम आहे. नियम करणे त्या मानाने सोपे.

फरीदकोट हाउसमधील न्यायाधिकरणाची स्थापना 2010 च्या कायद्यान्वये 18 ऑक्टोबर 2010 रोजी झाली. निर्णय देताना त्याने तीन तत्त्वे लावावीत, असे कायद्याच्या कलम 20 मध्ये आहे : शाश्वत विकास, आधीच सावधगिरी, आणि प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई करणे. यांतील सावधगिरीचे तत्त्व ट्रायक्लोरोएथिलीनच्या कहाणीशेजारी ठेवून पाहावे. पुरावा पूर्ण होईपर्यंत थांबलो असतो तर किती माणसे त्या वाफेत उभी राहिली असती, याचा विचार त्यामागे आहे.

तत्त्वे जेव्हा गल्लीत उतरतात, तेव्हा काय होते ते मायापुरीत दिसले. जुन्या गाड्या मोडून सुटे भाग विकण्याचा दिल्लीतील हा मोठा बाजार. तेथील प्रदूषणाची दखल घेऊन 2015 साली न्यायाधिकरणाने असे भंगारकाम थांबवण्याचे आदेश दिले. चार वर्षांनी, 13 एप्रिल 2019 रोजी, दुकाने सील करण्यास गेलेले पथक आणि व्यापारी यांच्यात संघर्ष झाला. दोन्हीकडे खरे काहीतरी होते. तेल मुरलेल्या जमिनीचे पाणी शेजारी पीत असतात. आणि त्या जमिनीवर अनेकांचे पोटही चाललेले असते. टाळे लावण्याआधीची चार वर्षे तेल साठवण्याची आणि ते उचलून नेण्याची व्यवस्था उभारण्यात गेली असती, तर टाळ्याची वेळ कदाचित आली नसती.

बाधित झालेली कोणतीही व्यक्ती न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकते. महाराष्ट्रातील माणसाला त्यासाठी कोपर्निकस मार्गापर्यंत जावे लागत नाही. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरात यांच्यासाठीचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्यात आहे.

उद्यमनगरातील आपल्या मिस्त्रींच्या दुकानात, समजा, यासाठी तीन डबे आहेत. पहिल्यात जुने रॉकेल, दुसऱ्यात ताजे. खरवडलेला भाग आधी पहिल्या डब्यात धुवायचा, मग दुसऱ्यात. दुसऱ्यातील रॉकेल काळसर झाले की ते पहिल्या डब्यात घ्यायचे आणि दुसऱ्यात ताजे भरायचे. पहिल्यातील फार काळे झाले की रात्रभर झाकून ठेवायचे. गाळ तळाशी बसतो आणि वरचे निवळ पुन्हा वापरता येते. तळाचा गाळ झाकणाच्या तिसऱ्या डब्यात, जळक्या तेलापासून वेगळा. क्लोरीन असलेले द्रव्य त्यात चुकूनही मिसळायचे नाही, नाहीतर तेल नेणारा सगळाच डबा नाकारतो. तेलकट फडकी झाकणाच्या लोखंडी बादलीत. सकाळी दुकान उघडल्यावर नव्या मुलाचे पहिले काम निवळलेले रॉकेल अलगद ओतून घेण्याचे असते, हात न हलवता, गाळ वर येऊ न देता.